हीट होऊन दीड महिना, पाणी सारखं पितेय, खालून काहीच जात नाहीये, तरी पायोमेट्रा (गर्भपिशवीत पू) असू शकतो का?

चिंगीची_ताई

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमची लॅब्रॅडॉर मादी, सात वर्षांची, स्पे (गर्भपिशवी-अंडाशय काढायचं ऑपरेशन) केलेली नाही, पिल्लं कधी झालेली नाहीत. हीट संपून साधारण दीड महिना झाला असेल. गेल्या आठवड्यापासून पाणी इतकं पितेय की भांडं भरून ठेवावं तर रिकामं, आणि जिने लहानपणानंतर कधी घरात शू केली नाही ती आता रात्री दारापर्यंत पोचत नाही, तिथेच होते आणि मग बिचारी कोपऱ्यात तोंड घालून बसते. खाणं निम्म्यावर आलंय, दोनदा उलटी झाली, पोट जरा गोल वाटतंय पण ती तशी पहिल्यापासूनच गुबगुबीत त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. ताप नाही, मी मोजला, १०१.८ आला.

नेहमीच्या डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून अँटिबायोटिक आणि उलटीचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी छान शेपटी हलवत होती, मला वाटलं सुटलो, पण परत मलूल. काल दुसरीकडे दाखवलं तर तिथल्या डॉक्टर म्हणाल्या की गर्भपिशवीत पू असू शकतो, आधी सोनोग्राफी आणि रक्त करू, आणि तसं निघालं तर पिशवी काढावी लागेल. मी नेटवर वाचलं त्यात सगळीकडे खालून पू जातो असं लिहिलंय, हिला एक थेंब पण जात नाहीये. मग खरंच हेच असेल का? की किडनी, शुगर असं काही? आणि असलंच तर औषधाने नाही का होणार, सात वर्षांची आहे, भूल सोसेल का ही भीती वाटते. घरचे म्हणतायत एकदा पिल्लं होऊ दिली असती तर हे झालंच नसतं. प्लीज ज्यांना माहितीय त्यांनी सांगा.

डॉक_पंजा

ताई, मी पशुवैद्य आहे, पण तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही हे धरून वाचा. तुम्ही जे लिहिलंय ते, म्हणजे स्पे न केलेली मधल्या वयाची मादी, हीटनंतर काही आठवडे, तहान खूप, खाणं कमी, उलट्या, हे कुणीही मला फोनवर सांगितलं तर मी पहिलं नाव पायोमेट्राचंच घेईन आणि तो नाही असं सोनोग्राफीने दाखवल्याशिवाय दुसरीकडे वळणार नाही. सोनोग्राफी आजच करून घ्या.

खालून काही जात नाही म्हणून धीर धरू नका, उलट तीच जास्त काळजीची बाजू आहे. पिशवीचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, घाण वास येतो, मालकाला कळतं आणि तो लवकर धावतो. तोंड बंद असेल तर सगळं आत साठत जातं, पिशवी ताणत जाते, विष रक्तात उतरतं, आणि पिशवी फुटली तर पोटभर पू. बंद तोंडाच्या माद्या आमच्याकडे नेहमी जास्त खराब अवस्थेत येतात. आणि उघडं असूनही न दिसणं हेही होतं, काही माद्या इतक्या स्वच्छ असतात की सगळं चाटून टाकतात. झोपून उठली की खाली पांढरा कपडा किंवा टिश्यू हलकेच टेकवून बघा, चॉकलेटी, लालसर, पिवळट, हिरवट काहीही लागू शकतं. पोट मात्र दाबून बघू नका, घरात कुणालाच दाबू देऊ नका.

आता हे होतं कसं ते सांगतो, म्हणजे औषधाचा प्रश्न आपोआप सुटेल. कुत्रीचं शरीर बाईसारखं नाही. हीट झाली की ती गाभण राहो न राहो, पुढचे जवळपास दोन महिने प्रोजेस्टेरॉन वर असतं. ते हार्मोन पिशवीला पिल्लांसाठी तयार करतं, म्हणजे आतलं अस्तर जाड होतं, ग्रंथी पाझरायला लागतात, पिशवीचे स्नायू शांत होतात, तोंड मिटतं, आणि पिशवीतली जंतूंशी लढायची ताकदही खाली येते. दर हीटला हेच, वर्षानुवर्षं, त्यामुळे अस्तरात बारीक बारीक पाण्याचे फोड होत जातात. हीटमध्ये तोंड उघडं असताना तिचेच स्वतःचे जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, वर चढलेले असतात, त्यांना आयतं ऊबदार घर मिळतं. म्हणून हा आजार हीट चालू असताना नाही तर त्यानंतर दोन आठवडे ते दोन-अडीच महिने या काळात दिसतो. तुमचा दीड महिना बरोब्बर मधोमध बसतो.

तहानेचं कोडं पण इथेच सुटतं. ई. कोलायचं विष किडनीवर असं काम करतं की लघवी घट्ट करायचा मेंदूचा निरोप किडनी ऐकतच नाही, पाणी नुसतं वाहून जातं आणि ते भरून काढायला ती पीत राहते. म्हणून घरात शू होतेय, सवय मोडली म्हणून नाही, रागावू नका तिला. एक हिशोब ठेवा, कुत्र्याने दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिली पेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ते नक्की जास्त आहे, ३० किलोच्या मादीला तीन लिटर. भांड्यात मोजून घालून बघा, डॉक्टरांना आकडा सांगता येतो. शुगर, किडनी, कुशिंग (हा एक हार्मोनचा आजार) यातही तहान वाढते, तुमची शंका चूक नाही, पण रक्त आणि लघवीत ते त्याच दिवशी कळतं.

ताप नसणं याला काहीही अर्थ नाही. १०१.८ हे कुत्र्याचं नॉर्मलच आहे (साधारण १००.५ ते १०२.५), पण पायोमेट्राच्या कितीतरी माद्यांना ताप नसतोच, आणि अगदी खालावलेल्या मादीचं तापमान उलट पडतं. १०० च्या खाली गेलं, हिरड्या फिकट किंवा विटकरी झाल्या, उभं राहवेना, तर सकाळची वाट बघायची नाही.

अँटिबायोटिकने एक दिवस बरं वाटलं हे मी इतक्या जणांकडून ऐकतो ना. गोळी रक्तातले जंतू थोडे दाबते, पण पिशवीतला पू तिथेच असतो, तोंड मिटलेलं असतं आणि प्रोजेस्टेरॉन वरच असतं. नुसत्या अँटिबायोटिकवर हा आजार जात नाही.

झुपकेदार

ताई आमच्या पामेरियनला दोन वर्षांपूर्वी झाला होता, तेव्हा ती नऊची होती. आमचं उघड्या तोंडाचं प्रकरण, पलंगावर डाग पडायचे आणि आम्हाला वाटायचं परत हीट आली की काय. हा मुद्दा लक्षात ठेवा कुणीतरी, हीट होऊन दोनच महिने झालेत आणि परत लाल दिसतंय तर ती हीट नाहीये, कारण दोन हीटमध्ये साधारण सहा-सात महिने जातात की. ऑपरेशन त्याच रात्री झालं. आधी काही तास सलाईन चढवलं मग घेतलं आत. डॉक्टरांनी नंतर ट्रेमध्ये पिशवी दाखवली, एवढीशी आमची कुत्री आणि ती पिशवी माझ्या मनगटाएवढी जाड, गाठी गाठी असलेली, मधे चिमट्या घेतल्यासारखी. बघून माझेच पाय लटपटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाटून चाटून खाल्लं तिने.

भुलीचं मला पण होतं मनात. पण त्या डॉक्टर म्हणाल्या की वयाला भूल देत नाही आपण, तब्येतीला देतो, आणि तब्येत आज आहे त्यापेक्षा उद्या वाईटच असणार आहे. मग सही केली.

केनेल_काका

सगळे लगेच काढा काढा म्हणतात. औषधाने पण होतं, माझ्याकडे झालंय. तीन वर्षांची मादी, चांगल्या लाइनची, उघडं तोंड, अॅग्लेप्रिस्टोनची इंजेक्शनं दिली आणि पुढच्या हीटला पिल्लं पण दिली तिने. हल्ली ऑपरेशन हा सोपा मार्ग झालाय डॉक्टरांचा. ताईंनी निदान विचारावं तरी.

डॉक_पंजा

काका, होतं ना, मी नाही म्हणतच नाही. पण तुमची मादी आणि ताईंची मादी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अॅग्लेप्रिस्टोन हे प्रोजेस्टेरॉनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी देतात, गरज पडली तर पंधराव्याला. एक-दोन दिवसांत तोंड उघडतं आणि पू बाहेर यायला लागतो. जोडीला बऱ्याचदा प्रोस्टाग्लँडिन देतात, त्याने पिशवी आवळते, पण त्या इंजेक्शननंतर मादी धापा टाकते, लाळ गाळते, ओकते, अस्वस्थ होते, म्हणून ती दवाखान्यात ठेवूनच द्यायची. आणि तोंड बंद असताना नुसतं प्रोस्टाग्लँडिन देणं म्हणजे बाहेरचा रस्ता नसताना पिशवी पिळणं, पू बीजनलिकेच्या बाजूने पोटात जाऊ शकतो किंवा पिशवी फाटू शकते. सोबत अँटिबायोटिक, दर काही दिवसांनी सोनोग्राफी, रक्त. मादी तरुण हवी, पिल्लं घ्यायचीच असं ठरलेलं हवं, खात-पीत असलेली हवी, किडनी-लिव्हर ठीक हवं, आणि बिघडलीच तर त्या क्षणी ऑपरेशनला न्यायची तयारी हवी. एवढं करूनही पुढच्या एखाद्या हीटनंतर परत होऊ शकतो, कारण अस्तर तेच आणि अंडाशय तेच. म्हणूनच पुढच्याच हीटला नर दाखवून भरवतात. तुम्ही तेच केलंत आणि ते बरोबर केलंत. शिवाय हे औषध सगळीकडे मिळतंच असं नाही.

ताईंची सात वर्षांची, उलट्या करणारी, बंद तोंडाची, पिल्लं घ्यायची नाहीत. तिथे औषधाच्या मागे आठवडा घालवायचा कशासाठी? ऑपरेशनमध्ये आजाराची जागाच निघून जाते, अंडाशयासकट.

पिल्लं होऊ द्यायची राहिली याचं ओझं घेऊ नका. एकदाही न व्यायलेल्या माद्यांमध्ये हे थोडं जास्त दिसतं हे खरं, पण पिल्लं झालेल्यांनाही होतंच, मी स्वतः चार वेत झालेल्या मादीची पिशवी काढलीय. स्वीडनमध्ये विमा काढलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवर मोठा अभ्यास झाला होता, तिकडे त्या काळी स्पे फारसं करत नसत, तर दहा वर्षांची होईपर्यंत पाचातल्या-चारातल्या एका मादीला हा आजार झालेला होता. म्हणजे हा काही दुर्मिळ प्रकार नाही.

एक विचारायचं राहिलं, हीट लांबवायचं किंवा चुकून नर लागला म्हणून कधी इंजेक्शन दिलंय का? आणि यावेळी हीटमध्ये नराशी संबंध आला होता का? लाजू नका, सोनोग्राफी करणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं.

चिंगीची_ताई

डॉक्टर, हीट लांबवायचं इंजेक्शन दोनदा दिलंय, लग्नकार्य होतं घरात आणि कुणीतरी सुचवलं. त्याचा संबंध आहे का? नराचं मात्र नक्की नाही, ती पूर्ण वेळ घरातच होती.

आत्ता सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये दोन्ही हॉर्न (पिशवीच्या दोन फांद्या) फुगलेले, साडेतीन सेंटिमीटरपर्यंत, आत दाट पाणी आणि त्यात कण फिरतायत असं लिहिलंय, भिंत जाड. रक्तात पांढऱ्या पेशी ३८,०००, बँड सेल वाढलेत, हिमोग्लोबिन १०, क्रिएटिनिन २.१, एएलपी (लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम) वाढलेलं, शुगर नॉर्मल. सलाईन लावलंय, संध्याकाळी ऑपरेशन म्हणतायत. क्रिएटिनिन बघून आता पोटात गोळा आलाय, किडनी गेली का तिची? आणि एक्स-रे नाही काढला, काढायला हवा होता का?

डॉक_पंजा

रिपोर्ट अगदी आजाराला धरूनच आहे. नॉर्मल मादीची पिशवी सोनोग्राफीत शोधावी लागते इतकी बारीक असते, इथे साडेतीन सेंटिमीटर आहे. पांढऱ्या पेशी साधारण १७,००० पर्यंत असाव्यात, ३८,००० म्हणजे शरीर जोरात लढतंय, आणि बँड म्हणजे कच्ची पोरं पण लढाईला पाठवायला लागलीत. खरं सांगू का, मला जास्त भीती कमी आकड्याची वाटते, आजारी दिसणाऱ्या मादीत पेशी घसरलेल्या असतील तर लढणारे संपत आलेत. जुनाट जळजळ असली की हिमोग्लोबिन थोडं उतरतं, एएलपी पण यात वाढतं.

क्रिएटिनिन २.१ वरून किडनी गेली म्हणू नका. उलट्या, कमी खाणं, पाणी वाहून जाणं, यातून शरीर कोरडं पडलंय, त्याचा वाटा असतो आणि विषाचा वाटा असतो. बहुतेकींचं हे ऑपरेशननंतर सलाईनवर उतरतं. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत एकदा आणि टाके काढायच्या वेळी एकदा परत करून घ्या, तोपर्यंत त्या आकड्यावर मत बनवायचं नाही. लघवी तपासायची असेल तर सुईने पोटातून घेण्याचा आग्रह धरू नका, पू भरलेली पिशवी मूत्राशयाच्या शेजारीच असते.

एक्स-रेत फुगलेली पिशवी नळ्यांसारखी दिसते, पण सुरुवातीची गाभण पिशवीही तशीच दिसते, पिल्लांची हाडं साधारण ४५ दिवसांनंतरच उमटतात. सोनोग्राफीत पू का पिल्लू हे थेट कळतं, तेव्हा तुमचं काही राहिलेलं नाही.

इंजेक्शनचा संबंध आहे, हो. ते प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध असतं, म्हणजे हीटनंतर जे होतं ते आपण बाहेरून आणखी लादतो. चुकून नर लागल्यावर देतात ते इस्ट्रोजेनचं इंजेक्शन पण धोका वाढवतं. पण आता तो विषय मागे टाका. संध्याकाळचं ऑपरेशन योग्य आहे, आधी काही तास सलाईन आणि शिरेतून अँटिबायोटिक देऊन मादी सावरली की भूल जास्त सुरक्षित होते, पण त्यापलीकडे लांबवायचं नाही. अशा ऑपरेशननंतर बहुसंख्य माद्या नीट घरी जातात. पू थोडा कल्चरला पाठवायला सांगा, अँटिबायोटिक नेमकं निवडता येतं.

नवखा_पालक

मधेच विचारतो, सॉरी. आमच्या मादीला तीन दिवसांपूर्वी पिल्लं झालीत आणि खालून काळपट हिरवं जातंय. हे वाचून घाबरलोय. तिला पण हेच का?

डॉक_पंजा

हा वेगळा विषय आहे. वारेचा रंगच हिरवा असतो, त्यामुळे व्यायल्यावर पहिले काही दिवस हिरवट आणि मग विटकरी-तपकिरी जाणं हे नॉर्मल, तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, कमी कमी होत चालतं. वास नाही, ताप नाही, ती खातेय आणि पिल्लांना पाजतेय ना, मग लक्ष ठेवा बस. पण घाण वास, ताप, पिल्लांकडे बघत नाही, पिल्लं सारखी रडतायत, यातलं काही दिसलं तर ते मेट्रायटिस, म्हणजे व्यायल्यानंतरचा पिशवीचा जंतुसंसर्ग, असू शकतं, वार आत राहिलेली असू शकते, त्याच दिवशी न्या. रोज दोनदा तापमान लिहून ठेवा पहिला आठवडा. वेगळा धागा काढा हवं तर, तिथे बोलू.

झुपकेदार

ताई काय झालं? सगळे वाट बघतायत.

चिंगीची_ताई

काल लिहायला त्राणच नव्हतं. ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. पिशवी बाहेर काढताना ओल्या कागदासारखी झाली होती म्हणे, अजून थोडे दिवस गेले असते तर फाटलीच असती. रात्री तिथेच ठेवली, आज दुपारी घरी आणली, उतरल्या उतरल्या शेजारच्या मांजरावर भुंकली त्यामुळे आता जरा जीवात जीव आलाय. पाणी अजून जास्तच पितेय पण आधीइतकं नाही. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कोन घातलाय तर दारांना धडकत फिरतेय आणि माझ्याकडे असं बघते की मीच गुन्हेगार. केनेल काका तुमचेही आभार, तुमच्यामुळे औषधाचं नीट कळलं तरी.

दोन प्रश्न आहेत. दुखणं वाटलं तर घरातली गोळी चालेल का, सासऱ्यांची आहे पेनकिलर. आणि आमच्याकडे दुसरी एक दीड वर्षाची आहे, तिची हीट मागच्याच आठवड्यात संपली, आता हे सगळं बघून तिचं स्पे लगेच उद्याच करावं असं वाटतंय.

डॉक_पंजा

घरातली गोळी अजिबात नाही. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, काहीच नाही, आणि हिचं क्रिएटिनिन वर होतं हे विसरू नका. दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा, कुत्र्यांचं औषध आणि मात्रा ते ठरवतील. पाणी हळूहळू कमी होईल, काही दिवस जातात, पाणी तोडायचं नाही. खाणं थोडं थोडं. टाके दहा ते चौदा दिवसांनी, तोवर कोन काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी, सोफ्यावर उड्या नाहीत, जिना असेल तर पट्टा लावून. जखम रोज बघा, थोडी सूज चालते, पण पाणी गळायला लागलं, टाक्यांमधून काही डोकावलं, परत उलट्या सुरू झाल्या किंवा खाणं सोडलं तर लगेच. आणि पुढे कधी हिला हीटसारखी लक्षणं दिसली, खाली सूज, नर मागे लागणं, तर सांगा. अंडाशयाचा तुकडा आत राहिला असेल तर उरलेल्या टोकात परत पू होऊ शकतो, क्वचित होतं पण होतं.

धाकटीचं उद्या नको. हीटनंतर लगेच पिशवीला रक्तपुरवठा जास्त असतो, शिवाय प्रोजेस्टेरॉन वर असताना अंडाशय काढले की ते एकदम कोसळतं आणि खोट्या गाभणपणाची लक्षणं येऊ शकतात, दूध येणं, खेळणी जवळ घेऊन बसणं वगैरे. हीट संपल्यापासून साधारण तीन महिन्यांनी करा, स्तनात दूध नाही ना ते बघून. मधल्या काळात, विशेषतः पुढचे दोन-अडीच महिने, तिचं पाणी, खाणं आणि खालचा भाग यावर नजर ठेवा, दीड वर्षाच्या मादीलाही हे झालेलं मी पाहिलंय.

चिंगीची_ताई

ठीक, तीन महिन्यांनंतरची तारीख घेते मग. आणि धाकटीचं भांडं आजपासून मापाचं.